एमएस्सी मायक्रोबायोलॉजी झालंय, नेट हुकली, पीएचडीचं काय करू?

नांदेडची_मुलगी: पीएचडीच करायचीय पण सीएसआयआर नेट (सायन्समधल्या संशोधन फेलोशिपची परीक्षा) दोनदा थोडक्यात हुकली, घरचे म्हणतात बीएड कर. काय करू?

पेट्रीडिश: आधी वर्षभर एखाद्या लॅबमध्ये प्रोजेक्टवर लाग गं. पुण्यात आयसर, एनसीसीएस या संशोधन संस्थांमध्ये अशा जागा निघतात, वेबसाइट बघत राहा. मी पहिले तीन महिने नुसत्या सेल्स (पेशी) सांभाळल्या, दर दोन दिवसांनी मीडिया, म्हणजे त्या वाढतात ते द्रव, बदलायचा, एकदा सगळ्या फ्लास्कमध्ये बुरशी आली आणि मी हुडसमोर (निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर) बसून रडले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत तिथेच होते, तेव्हाच कळलं की हेच करायचंय.

सह्याद्री_७: नेटच्या पेपरचा शेवटचा भाग, पार्ट सी, नीट कर, तिथे पाठांतर चालत नाही, प्रयोगाचे आलेख वाचता आले पाहिजेत. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० अधिक घरभाडं, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनिअर फेलो) झालीस की ४२,०००. डीबीटीची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) बेट पण दे, तीही फेलोशिपचीच परीक्षा आहे.

पेट्रीडिश: आणि गाइड ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलच! माझ्या मैत्रिणीने नुसतं नाव बघून लॅब घेतली, दीड वर्षात सोडावी लागली.

नांदेडची_मुलगी: बेटचं माहीतच नव्हतं, आजच बघते. बाबांना हा धागा वाचून दाखवणारे.