सोरची भविष्यवाणी: अलेक्झांडरला मध्ये आणायची गरज आहे का?

बेरियाकर
आमच्या मंडळीच्या बुधवारच्या अभ्यासवर्गात महिनाभर बायबलमधलं यहेज्केल या संदेष्ट्याचं पुस्तक चालू आहे. २६ व्या अध्यायात सोर शहराचा नाश होईल, असं देव त्याच्या तोंडून सांगतो. तो अध्याय आला की भविष्यवाणी तंतोतंत पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून सोरचं उदाहरण ठरलेलं. सोर म्हणजे फिनिशियन लोकांचं बंदर, आजच्या लेबननमधलं सूर. शलमोनाला मंदिरासाठी गंधसरूचं लाकूड पुरवणारा हिराम राजा इथलाच. किनाऱ्यावर वस्ती होती, पण खरं शहर समुद्रात पाऊण किलोमीटर आत, खडकाळ बेटावर.

वर्गात सांगतात ते असं: बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर याने किनाऱ्यावरची वस्ती पाडली, मग इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने त्याच पडक्या घरांचे दगडधोंडे समुद्रात टाकून बेटापर्यंत भराव घातला. तुझे दगड, लाकूड, माती पाण्यात टाकतील हे २६:१२ (अध्याय २६, ओवी १२) असं शब्दशः खरं झालं. वीस वर्षं मीही हेच सांगत आलो. आता माझ्याने सांगवत नाही.

कारण २९:१७-२०. तिथे यहेज्केल स्वतः लिहितो की सोरपुढे राबून राबून बाबेलच्या सैनिकांच्या डोक्यांना टक्कल पडलं, खांदे सोलवटले, तरी राजाच्या हाती मजुरी म्हणून काही लागलं नाही. म्हणून देव त्याला मोबदल्यात मिसर देतो. जुना यहुदी इतिहासकार जोसेफस हा वेढा १३ वर्षांचा सांगतो. २६ व्या अध्यायातलं वचन यरुशलेम पडलं त्या सुमाराचं, हे २९ मधलं इ.स.पू. ५७१ चं. मध्ये पंधराएक वर्षं गेली. संदेष्ट्याने जुनं वचन खोडलं नाही आणि नवंही लपवलं नाही. आपण मात्र २९ वा अध्याय झाकून अलेक्झांडर पुढे करतो. याने शास्त्राचा बचाव होत नाही, शास्त्र अर्धंच वाचलं जातं.

सुवार्ता_ताई
दादा, २९ वा अध्याय कोणी झाकत नाही. पण २६:३ तुम्ही सोडून दिलंत. समुद्र लाटांवर लाटा आणतो तशी मी तुझ्यावर पुष्कळ राष्ट्रं आणीन, असं तिथे आहे. एक राजा नव्हे, पुष्कळ राष्ट्रं. नबुखद्रेस्सर ही पहिली लाट. ७ ते ११ ओव्यांत 'तो' आहे, १२ व्या ओवीत एकदम अनेकवचनी 'ते' येतं. अलेक्झांडरचा वेढा सात महिने चालला, आणि त्याच्या बाजूने सीदोन, अर्वाद, गबाल ही फिनिशियन शहरं आणि सायप्रस यांची जहाजं होती. ही राष्ट्रंच नाहीत का? आणि तो भराव कोणाची कल्पना नाही. त्याच्या दोन्ही अंगांनी गाळ साचत गेला आणि बेट कायमचं किनाऱ्याला जोडलं गेलं. नकाशात आजही दिसतं.

बेरियाकर
ताई, लाटांचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. 'ते' मात्र मला पटत नाही. ७ व्या ओवीत राजाबरोबर घोडे, रथ आणि मोठं सैन्य आलेलंच आहे, 'ते' म्हणजे तेच सैन्य. ऐकणाऱ्यांना तिथे अडीचशे वर्षांची उडी जाणवली असेल?

पुराव्यानिशी
मी श्रद्धाळू नाही, तरी प्रश्न प्रामाणिक आहे. १४ वी ओवी म्हणते, तू पुन्हा बांधली जाणार नाहीस. अलेक्झांडरनंतर वीस वर्षंही झाली नव्हती तेव्हा त्याचाच एक सेनापती अँटिगोनस याला हेच शहर घ्यायला पंधरा महिने वेढा द्यावा लागला, म्हणजे ते पुन्हा तटबंदीसह उभं होतं. तुमचा प्रेषित पौल तिथे सात दिवस राहिला (प्रेषितांची कृत्ये २१). रोमन काळातलं रथशर्यतीचं मैदान तिथे आजही पाहता येतं, आणि १९८४ पासून सूर युनेस्कोच्या यादीत आहे. लोक राहतात. संदेष्ट्याचं बोलणं खरं झालं नाही तर ते देवाचं नव्हे, हा अनुवाद १८:२२ चा निकष इथे लावणार की नाही?

सुवार्ता_ताई
यिर्मया १८ वाचा. एखाद्या राष्ट्राविरुद्ध बोलल्यावर ते वळलं तर देवही अरिष्ट आवरतो. योनाने नाशाचा इशारा दिलेल्या निनवे शहराचं तेच झालं.

पुराव्यानिशी
निनवेच्या लोकांनी गोणपाट नेसलं, उपास केला. सोरने काय केलं?

पाचूबंदरचा
वसईचा कोळी आहे, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. एकच सांगतो. त्या अध्यायात दोनदा म्हटलंय की सोर जाळी पसरायची जागा होईल. सगळे त्याचा अर्थ निर्मनुष्य असा घेतात. आमच्या आज्याच्या वेळी सुती जाळं असायचं, दर्यावरून आलं की वाळत घालावं लागायचं, नाहीतर कुजायचं. ते घालायचं घराच्या जवळ, नजरेसमोर. बाया तिथेच बसून जाळ्याचे फाटलेले डोळे सांधायच्या, पोरं कावळे हाकायची. माणूस नाही तिथे जाळं कोण वाळवेल?

आता पुढचा २७ वा अध्याय घ्या. सोर म्हणजे एक गलबत: लबानोनच्या गंधसरूची डोलकाठी, बाशानच्या ओकची वल्ही, मिसरच्या भरतकामाचं शीड. जगभरचा माल त्यात. असल्या गावाच्या खडकावर कोळ्यांची जाळी वाळतील, एवढंच तो म्हणतो. मला त्यात दर्याची राणी उतरून मच्छीमार गाव उरलेलं दिसतं. आमच्या वसईचा किल्ला बघून मोठा झालेल्या माणसाला हे कळायला अवघड नाही.

बेरियाकर
दादा, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. इब्री भाषेत सोर या नावाचा अर्थच खडक, म्हणजे २६:४ मधला 'उघडा खडक करीन' हा शहराच्या नावावरच घातलेला घाव आहे. हे विलापगीताचं बोलणं आहे, नगररचनेचा अहवाल म्हणून ते वाचता येणार नाही.

पुराव्यानिशी, निनवेचं उत्तर सोरला लागू पडत नाही, तुमचं बरोबर आहे. मी ते वापरणार नाही. पण ज्यांनी हे पुस्तक जपलं त्यांना अनुवाद १८ पाठ होतं, तरी त्यांनी २६ आणि २९ दोन्ही ठेवले, तारखांसकट. माझा विश्वास त्या ठेवण्यावर आहे.

सुवार्ता_ताई
२६:३ वरचं माझं मत बदललेलं नाही. मात्र पुढच्या बुधवारी वर्ग माझ्याकडे आहे. २९:१७-२० मी आधी वाचायला लावीन, अलेक्झांडर त्यानंतर. पाचूबंदरच्या भाऊंची जाळ्याची गोष्ट सांगितली तर चालेल ना?

पाचूबंदरचा
सांगा की. फक्त सुती जाळं म्हणा, आताचं नायलॉनचं तसं कुजत नाही.