कार्ट, इंडी रेसिंग लीग आणि नॅस्कार: फरक नेमका कुठे आहे?

चाकवेडा:
नमस्कार मंडळी. दोन महिने अमेरिकेतल्या जुन्या शर्यतींची रेकॉर्डिंग्ज बघतोय आणि एका जागी अडकलोय. १९९९ ची कार्टची (गो-कार्ट नव्हे, त्या नावाची अमेरिकन मालिका) एक शर्यत आणि त्याच वर्षाची इंडी रेसिंग लीगची एक, अशा दोन लागोपाठ बघितल्या. दोन्हीकडे उघड्या चाकांच्या एकसीटी गाड्या, दोन्हीकडे ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक. मग दोन वेगळ्या मालिका कशाला? आणि त्यानंतर नॅस्कार, म्हणजे झाकलेल्या चाकांच्या गाड्यांची मालिका, लावलं की सगळंच बदलतं. तिथे गाड्या एकमेकींना घासतात, मागून ढकलतात आणि तशाच पुढे जातात. हा फरक फक्त बॉडीचा आहे का?

तिसरं_वळण:
मी १९९५ ते २००९ इंडियानापोलिसमध्ये होतो. ही फाळणी डोळ्यांसमोर झाली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

भांडण गाड्यांवरून नव्हतं, लगाम कोणाच्या हातात यावरून होतं. १९७९ मध्ये रॉजर पेन्स्की, पॅट पॅट्रिक वगैरे संघमालकांनी वेगळं होऊन कार्ट सुरू केली. म्हणजे नियम ठरवणारेही तेच आणि गाड्या उतरवणारेही तेच. इंडियानापोलिस स्पीडवेचे प्रमुख टोनी जॉर्ज यांना हे पटत नव्हतं. खर्च वाढतोय, शहरांतल्या रस्त्यांवरच्या शर्यती वाढताहेत, मातीच्या छोट्या ओव्हलवर तयार झालेल्या अमेरिकन पोरांना जागा उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. १९९४ मध्ये त्यांनी स्वतःची लीग जाहीर केली, १९९६ मध्ये ती धावू लागली, आणि इंडी ५००, म्हणजे इंडियानापोलिसची ५०० मैलांची प्रसिद्ध शर्यत, त्यांच्याच अंगणात होती. त्या वर्षी ३३ पैकी २५ जागा लीगच्या गाड्यांसाठी राखून ठेवल्या. कार्टवाल्यांनी उत्तर म्हणून त्याच दिवशी, २६ मे रोजी, मिशिगनला स्वतःची ५०० मैलांची शर्यत भरवली. तिथे सुरुवातीलाच पहिल्या रांगेत टक्कर झाली आणि मागच्या कितीतरी गाड्या त्यात सापडल्या. जिमी व्हॅसर राखीव गाडी घेऊन उतरला आणि जिंकला. इकडे इंडीत बडी लझिए जिंकला. माझ्या शेजारच्या म्हातारबुवांनी त्या दिवशी दोन्हीपैकी एकही शर्यत लावली नाही. चाळीस वर्षं इंडी ५०० न चुकवणारा माणूस! मला ते फार लागलं होतं.

तुम्ही १९९९ बघितलंत, तोवर गाड्याही वेगळ्या झाल्या होत्या. कार्टमध्ये २.६५ लिटरचं टर्बो व्ही८, लीगमध्ये १९९७ पासून टर्बोशिवायचं ४ लिटरचं इंजिन. आरी लुएन्डाइकने १९९६ मध्ये टर्बो गाडीतून इंडीच्या चार फेऱ्या सरासरी २३६.९८६ मैल वेगाने काढल्या. पुढच्याच वर्षी त्याच माणसाने शर्यतीच्या सुरुवातीची पहिली जागा पटकावली ती २१८.२६३ मैलांवर. तासाला तीस किलोमीटर गेले! आवाजही बदलला. टर्बोचा दबका, नव्या इंजिनाचा कर्कश, कानात घुसणारा.

पण हळू म्हणजे सोपं, असं समजू नका. लीगच्या गाड्यांना ताकद कमी आणि पकड भरपूर, त्यामुळे सगळे पूर्ण थ्रॉटलवर आणि एकमेकांना चिकटून. कार्टच्या गाड्यांना ताकद जास्त, त्यामुळे पाय कुठे उचलायचा हे ठाऊक असलेला ड्रायव्हर वेगळा दिसायचा. एप्रिल २००१ मध्ये कार्ट टेक्सासला गेली. २४ अंश कललेली वळणं, वेग २३० मैलांच्या वर. सरावातच ड्रायव्हरांना गरगरायला लागलं, कारण शरीरावर ५ जीहून, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाचपटीहून, जास्त भार येत होता. शर्यतीच्या दिवशी, ती सुरू होण्याआधीच, शर्यत रद्द झाली. लीगच्या गाड्या त्याच ट्रॅकवर १९९७ पासून धावत होत्या. दोन मालिकांतला फरक याहून स्पष्ट मला दुसरीकडे सापडत नाही.

आता नॅस्कार. उत्तर हो आणि नाही. बॉडी चाकं झाकते आणि बाकी सगळं तिथून सुरू होतं. पुढे धावणाऱ्या चाकाची मागची कड वर जात असते, पुढची कड खाली येत असते. उघड्या चाकांच्या गाडीत माझं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकाला मागून लागलं, की खाली येणारी कड वर जाणाऱ्या कडेला भिडते आणि माझी गाडी तुमच्यावर चढते. २०११ मध्ये लास व्हेगासला पंधरा गाड्यांच्या अपघातात डॅन व्हेल्डन गेला, तेव्हाही गाड्या अशाच हवेत उडाल्या होत्या. नॅस्कारमध्ये तीच टक्कर बंपरवर होते. म्हणून टॅलाडेगाला, म्हणजे नॅस्कारच्या एका मोठ्या ओव्हलवर, मागची गाडी पुढचीला मुद्दाम ढकलू शकते आणि ते डावपेचात बसतं. तरी तिथेही मर्यादा लागलीच. १९८७ मध्ये तिथेच बॉबी ॲलिसनची गाडी कुंपणावर आदळली आणि वेग उतरावा म्हणून १९८८ पासून मोठ्या ट्रॅकवर इंजिनाची हवा अडवणारी प्लेट आली.

शार्लटकर:
वरच्या उत्तरात वजन राहिलं. नॅस्कारची गाडी साधारण ३,४०० पौंडांची असायची, कार्टची १,५५० पौंडांची. निम्म्याहून कमी! म्हणून आमच्या नॅस्कारच्या गाड्या वळणात सरकतात आणि ड्रायव्हर शर्यतभर तक्रार करत असतो की मागचं सुटतंय किंवा पुढचं वळत नाही. पिट स्टॉपला मागच्या काचेतून पाना घालून वेज, म्हणजे चाकांवरचा भार बदलणारा स्क्रू, फिरवतात ते त्यासाठीच. इंडीकारला, म्हणजे उघड्या चाकांच्या गाडीला, हवेचे जॅक असतात, नळी लावली की गाडी आपसूक उचलली जाते. इथे जॅकमन धावत येऊन दांडा दाबतो. २०२१ पर्यंत प्रत्येक चाकाला पाच नट होते, आता एकच. ते पाच नट पडण्याचा आवाज मला अजून आठवतो.

आणि लगामाचं म्हणाल, तर नॅस्कार १९४८ पासून फ्रान्स घराण्याच्या हातात आहे. संघमालक रागावले तरी पर्यायी मालिका उभी राहिली नाही.

चाकवेडा:
चाकाच्या कडांचं आज पहिल्यांदा कळलं. मग एकच ड्रायव्हर दोन्हीकडे चालतो का?

तिसरं_वळण:
टोनी स्टुअर्ट बघा. १९९७ मध्ये लीगचा विजेता, पुढे नॅस्कारच्या वरच्या मालिकेत तीन वेळा. २००१ मध्ये एकाच दिवशी इंडी ५०० मध्ये सहावा आणि संध्याकाळी नॅस्कारच्या शार्लटमधल्या ६०० मैलांच्या शर्यतीत तिसरा. अकराशे मैल पूर्ण.

कार्टकडून बघायची असेल तर २००० ची इंडी ५०० लावा. गनासीचा संघ कार्टमधून आला आणि वान पाब्लो मोंतोयाने २०० पैकी १६७ फेऱ्या आघाडीवर काढल्या. मी तिसऱ्या वळणावर बसलो होतो. लीगच्या बाजूने ओरडणारे आमच्या रांगेतले लोक शंभराव्या फेरीपर्यंत गप्प झाले होते.

फेब्रुवारी २००८ मध्ये दोन्ही बाजू एक झाल्या, पण वेळापत्रक आधीच ठरलेलं. म्हणून एप्रिलमध्ये एकाच शनिवार-रविवारी जपानमध्ये मोतेगीला लीगच्या गाड्या धावल्या आणि लाँग बीचला कार्टच्या बाजूच्या जुन्या टर्बो गाड्या. दोन्हींचे गुण एकाच तक्त्यात. मोतेगीला डॅनिका पॅट्रिक जिंकली, लाँग बीचला विल पॉवर. ते म्हातारबुवा तोवर राहिले नव्हते. मी त्या आठवड्यात दोन्ही शर्यती बघितल्या.