जातिवंत पिल्लाच्या किमतीत नेमके कशाचे पैसे असतात?

प्राजक्ता

नमस्कार. आमच्या घरी लॅब्रॅडॉरचे पिल्लू आणायचे ठरले आहे, परंतु चौकशी सुरू केल्यापासून किमती ऐकून छाती दडपली आहे. आतापर्यंत दोन ब्रीडरांशी बोलणे झाले. पहिल्याने सांगितलेली किंमत दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट असून त्यात काहीही कमी करण्यास तो तयार नाही. त्याची मादी अजून गाभणसुद्धा नाही, त्यामुळे काही महिने थांबावे लागेल, आणि जन्मानंतरही आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू हातात देणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. वर त्यानेच आमची उलटतपासणी घेतली: दिवसभर घरात कोण असते, लहान मुले आहेत का, बाहेरगावी गेलात तर कुत्र्याची सोय काय. दुसऱ्याकडे पिल्ले तयार आहेत. कागदपत्रांसह (म्हणजे वंशावळीच्या नोंदणीसह) आणि कागदपत्रांशिवाय असे दोन दर आहेत, आणि हवे ते आजच घेऊन जा म्हणतो.

आमची ऐपत बेताची आहे. जास्त पैसे द्यायला हरकत नाही, पण ते कशासाठी देत आहोत हे समजले पाहिजे. जात तीच, मग तिप्पट फरक कशाचा? ज्यांना यातली माहिती आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

श्वानमित्र

प्राजक्ताताई, मी अनेक वर्षे हेच काम करतो, त्यामुळे माझे उत्तर एकतर्फी वाटण्याची शक्यता आहे. तरीही खर्चाचा हिशोब उलगडून सांगतो.

पहिला खर्च पिल्ले जन्माला येण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे विकार आनुवंशिक असतात, म्हणून मादी पूर्ण वाढीची झाल्यावर तिला गुंगी देऊन सांध्यांचे एक्स-रे काढावे लागतात आणि ते तज्ज्ञांकडे पाठवून त्यांचे गुणांकन करून घ्यावे लागते. प्रचलित पद्धतींपैकी एकीत दोन्ही खुब्यांचे मिळून ० ते १०६ असे गुण असतात, आणि ते जितके कमी तितका सांधा चांगला. त्याखेरीज डोळ्यांची तपासणी आणि दृष्टिपटलाच्या ऱ्हासासारख्या आजारांसाठी डीएनए चाचणी. या सर्वांतून एखादी देखणी, गुणी मादी खुब्याच्या एक्स-रेमध्ये नापास झाली, तर तिच्यावर केलेला खर्च तसाच सोडून द्यावा लागतो आणि ती घरची कुत्री म्हणून आयुष्यभर आपल्याकडेच राहते. तिचा खर्च पुढच्या वेतातून भरून निघतो, हे मी लपवणार नाही.

मग नराच्या मालकाला द्यायचा मोबदला, मादी फळवण्याचा योग्य दिवस कळावा म्हणून पुन्हापुन्हा केलेली प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी, सोनोग्राफी, आणि सुमारे त्रेसष्ट दिवसांनी प्रसूती. ती अडली तर अपरात्री शस्त्रक्रिया. बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग अशा जातींत डोके मोठे आणि आईचा कटिभाग अरुंद असल्यामुळे शस्त्रक्रिया जवळजवळ ठरलेलीच असते. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या जातींची ८० टक्क्यांहून अधिक वेते सिझेरियनने जन्मल्याचे आढळले होते. त्या पिल्लांच्या किमती चढ्या असण्याचे हे एक मोठे कारण आहे. सुदैवाने लॅब्रॅडॉरमध्ये हा प्रसंग कमी येतो.

यापुढचे तीन आठवडे बाहेरच्या माणसाला दिसतच नाहीत. नवजात पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही, म्हणून खोक्यातले तापमान सुरुवातीला ३० अंशांच्या आसपास ठेवावे लागते. सगळी पिल्ले सारखीच दिसतात, तेव्हा प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा सैल बांधायचा आणि रोज सकाळी काट्यावर ठेवून वहीत वजन लिहायचे. पिवळ्या धाग्याचे वजन काल होते तेवढेच राहिले, तर त्या दिवशी त्याला आधी आईच्या मागच्या, भरलेल्या स्तनाला लावायचे. तरीही वजन उतरले, तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, वरचे दूध पाजायचे. इतके करूनही काही पिल्ले हातची जातात. आठ पिल्लांचे वेत असेल तर खर्च आठांत वाटला जातो. दोनच जगली तर तोट्यात जावे लागते.

राहिला प्रश्न दुसऱ्या ब्रीडरच्या दोन दरांचा. आईबाप दोघेही नोंदणीकृत असतील, तर पिल्लांच्या नोंदणीचे शुल्क किमतीच्या मानाने किरकोळ असते. मग कागद नसलेले पिल्लू एवढे स्वस्त का, हे त्यांना अवश्य विचारा. एकाच वेतातल्या काहींची नोंदणी करायची आणि काहींची नाही, याचे समाधानकारक कारण मला तरी माहीत नाही.

पशुवैद्य

वरचा हिशोब प्रामाणिक आहे, तथापि त्यातून एक चुकीचा निष्कर्ष निघू नये म्हणून लिहीत आहे. चांगल्या ब्रीडरचे पिल्लू महाग असते हे खरे असले, तरी महाग पिल्लू चांगल्या ब्रीडरचेच असते असे मुळीच नाही. माझ्याकडे अत्यंत महागडी पिल्ले अशा अवस्थेत येतात की पाहवत नाही.

सर्वांत फसवा भाव रंगाचा असतो. लॅब्रॅडॉरचे मान्यताप्राप्त रंग तीनच: काळा, पिवळा आणि चॉकलेटी. ‘दुर्मीळ रुपेरी’ म्हणून जे विकले जाते तो रंग फिका करणाऱ्या जनुकाचा परिणाम असतो, आणि अशा काही कुत्र्यांचे केस पुढे गळून त्वचेचे कायमचे दुखणे मागे लागते. अन्य जातींतील मर्ल, म्हणजे ठिपकेदार विरळ रंग, त्याहून गंभीर. आई आणि बाप दोघेही मर्ल असतील, तर सरासरी एक चतुर्थांश पिल्लांना ते जनुक दोन्हींकडून मिळते, आणि त्यांच्यात बहिरेपणा व डोळ्यांचे दोष वारंवार आढळतात. अशा रंगासाठी जास्त पैसे मोजणे म्हणजे प्राण्याच्या वेदनेला बक्षीस देणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे, वंशावळीचा कागद म्हणजे आरोग्याचा दाखला नव्हे. त्यावरून पूर्वज कोण एवढेच कळते. पण तो वाचता आला तर उपयोगी पडतो. आईच्या आणि बापाच्या बाजूला तेच नाव पुन्हापुन्हा दिसत असेल, तर रक्त किती जवळचे आहे ते विचारा. ही जवळीक अंतःप्रजनन गुणांकाने मोजतात, आणि तो जितका कमी तितके चांगले: सख्ख्या बहीणभावांच्या संकरातून झालेल्या पिल्लाचा हा गुणांक २५ टक्के, सावत्र भावंडांच्या संकरात १२.५ टक्के आणि सख्ख्या चुलत भावंडांच्या संकरात ६.२५ टक्के येतो. भिंतीवरच्या करंडकांपेक्षा हा आकडा तुमच्या अधिक कामाचा आहे.

तपासण्यांचे अहवाल मागताना त्यांवरील मायक्रोचिपचा (कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखचिपचा) पंधरा अंकी क्रमांक आईच्या चिपशी जुळतो का, हे स्कॅनर लावून पाहा. दुसऱ्याच कुत्रीचे एक्स-रे दाखवल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत. डीएनए अहवालात ‘वाहक’ (म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेला) हा शब्द दिसला म्हणून घाबरू नका. अप्रभावी जनुकाच्या, म्हणजे सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडूनही मिळाले तरच होणाऱ्या, आजारात आई वाहक आणि बाप पूर्ण निर्दोष असेल, तर त्या आजाराने एकही पिल्लू आजारी पडत नाही. खुब्याचे मात्र तसे नाही. तिथे अनेक जनुके, वजन आणि वाढीच्या वयातला आहार असे सगळेच गुंतलेले असते, म्हणून उत्तम गुणांच्या आईबापांनाही क्वचित लंगडणारे पिल्लू होते. चाचण्यांनी धोका कमी होतो, संपत नाही. हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आणि आई पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. तिच्याजवळ जाताच ती दबकते का, गुरगुरते का, तिच्या अंगावर मांस आहे का, हे पाहायला डॉक्टर लागत नाही. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांच्या दरम्यान पिल्लू माणसांना, आवाजांना, नव्या वस्तूंना सरावते, आणि तो काळ अंधाऱ्या पिंजऱ्यात गेला तर जन्मभराची भीती राहते. पहिल्या ब्रीडरने आठ आठवड्यांचा आग्रह धरला, तो योग्यच आहे.

रानवाट

पिल्लूच हवे असा हट्ट नसेल, तर एक वाट सुचवते. ब्रीडरांकडे कधीकधी सहा-सात वर्षांच्या, प्रजननातून निवृत्त केलेल्या माद्या किंवा खुब्याच्या चाचणीत बाद झालेली तरुण कुत्री असतात, आणि चांगले घर मिळत असेल तर ते ती पुष्कळ कमी पैशांत देतात. आमची कुत्री अशीच आली. स्वभाव ठरलेला, सवयी लागलेल्या, चपला कुरतडण्याचे वय सरलेले. तिचे सांधे जपावे लागतात, हे घेतानाच सांगितले होते. म्हणून वजन वाढू देत नाही आणि जिने चढवत नाही.

लॅब्रॅडॉर साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो. तेवढ्या वर्षांचे खाणे, लसी आणि औषधपाणी यांपुढे खरेदीची रक्कम लहानच ठरते, त्यामुळे पिल्लू घेण्यातच सगळी गंगाजळी आटवू नये.

प्राजक्ता

सर्वांचे मनापासून आभार. आज पहिल्या ब्रीडरकडे जाऊन आलो. मादी स्वतःहून जवळ येऊन मुलीच्या मांडीवर डोके ठेवून बसली. अहवाल मागताच त्यांनी ते समोर ठेवले आणि चिपचा क्रमांकही जुळला. एक शंका उरली आहे. त्यांच्या करारात तीन अटी आहेत: कुत्र्यापासून पैदास करायची नाही, सहा महिन्यांच्या आत नसबंदी करायची, आणि कधी सांभाळणे अशक्य झाले तर दुसऱ्या कोणाला न देता त्यांच्याकडेच परत करायचे. या अटी मान्य कराव्यात का?

पशुवैद्य

पहिली आणि तिसरी अट निःशंकपणे मान्य करा. आपण विकलेले कुत्रे म्हातारपणीही परत घेण्याची ज्याची तयारी आहे, तो माणूस जबाबदारीने पैदास करतो. दुसऱ्या अटीबद्दल मात्र त्यांच्याशी बोला. लॅब्रॅडॉरसारख्या मोठ्या जातींत सहा महिन्यांच्या आत नसबंदी केल्यास सांध्यांच्या विकारांचा धोका वाढतो असे अभ्यासांतून दिसले आहे, म्हणून हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे निदान वर्षभर थांबण्याची मुभा करारात लिहून घ्या. स्वतः खुब्याचे एक्स-रे काढून घेणाऱ्याला हे कारण पटायला हरकत नसावी.