सातपुड्यातल्या डाकिणीवर ऐतिहासिक कादंबरी लिहायचीय, मदत करा

शहादेकर_ताई: नमस्कार मंडळी. काळ १९०० चा पावसाळा, छप्पन्नचा (विक्रम संवत १९५६ चा) दुष्काळ नुकताच सरलाय, जागा अक्राणीतला एक पाडा, नदी भरली की बाहेर जायची वाटच बंद. पोरं तापाने जायला लागतात, भगत सुपात दाणे टाकून बघतो आणि डाकीण म्हणून एका विधवेचं नाव निघतं. मी वाचलंय ते सगळं अमेरिकेतल्या सेलमचं, १६९२ च्या चेटकिणींच्या खटल्यांचं, तिथे कोर्ट, पाद्री, सैतान. आपल्याकडे यातलं काहीच नाही, मग गोष्ट उभी कशी करू? भगताला व्हिलन केलं की सोपं जातं पण मनाला पटत नाही.

तापीकाठ: सेलमपेक्षा नॉर्वेचं वार्डो वाच, तुला जास्त जवळचं वाटेल. टोकाचं मच्छीमार बेट, १६१७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी अचानक वादळ आलं आणि ४० माणसं बुडाली, चार वर्षांनी बायकांवर आळ आला की वादळ तुम्हीच उठवलं. त्या फिनमार्क भागात शंभर वर्षांत ९१ जणांना मारलं. मेलेल्यांचं कारण कोणाला तरी चिकटवायचंच, हे तिथेही तसंच. आणि म्हणूनच हे आदिवासींचंच असतं असं चित्र कृपा करून नको काढू, युरोपात कायद्याने हजारो बायका मारल्यात.

धडगावचा_मास्तर: ताई, भगत नाव आभाळातून आणत नाही, विचारायला जाणाऱ्याच्या मनात ते आधीच असतं. दीर नाहीतर चुलत पुतण्या. बाईला मुलगा नाही, नवऱ्याचं शेत तिच्याकडे, ती गेली की शेत कोणाला? हे आधी पक्कं कर, सूप मग येऊ दे. आणि सुरुवात मारहाणीने करू नको. ती वाटेने जाताना बाया पोराच्या तोंडावर पदर ओढतात, तिच्या घरचा विस्तव कोणी नेत नाही, बाळंतिणीकडे तिला बोलवत नाहीत, असं महिनाभर चालू दे. पण पोर गेलेल्या आईची भीती पण खरीच लिही. मलेरियाचा जंतू डासात असतो हे रॉसने १८९७ ला शोधलं होतं, तुझ्या गोष्टीच्या तीनच वर्षं आधी, पण त्या पाड्यावर ते सांगणार कोण?

जुनी_कागदं: १८८० चं खानदेश गॅझेटियर घे, भिल्लांवरचा भाग वाच. फक्त ते साहेबाच्या नजरेतून आहे, त्यात बाई कधीच बोलत नाही, तेवढं काम तुलाच करायचंय. आणि शेवट सुटकेचा करायचा मोह झाला तर २०१३ आठव, डाकीण ठरवून छळण्याविरुद्ध आपल्या राज्यात कायदा यायला एवढी वर्षं गेली, आणि तो येण्याआधी डॉ. दाभोलकरांचा खून झाला.

शहादेकर_ताई: मास्तर, दिराचं बरोबर आहे, आता तोच मुख्य पात्र होतोय, आणि वाईट हे की तो वहिनीच्या हातचं खाऊन मोठा झालेला. शेताची मोजणी पहिल्याच प्रकरणात घेते. पावरी बोलीतले संवाद तपासून देईल असं कोणी आहे का इथे, मोलगी-धडगावकडचं?

धडगावचा_मास्तर: आहेत ना, माझ्या शाळेतल्या दोन मावश्या. लिहून आण, वाचून दाखव, त्या तोंडावर सांगतील चुकलं कुठे ते.