बंद सदनिकेतील चोरी-अलार्म रात्रभर वाजत राहिल्यास सोसायटीने काय करावे?

प्रश्न : सचिव, मुलुंड पूर्व

गणपतीसाठी आमचे एक सभासद कुटुंबासह कोकणात गेले आणि दुसऱ्या दिवशी रात्री दोनच्या सुमारास त्यांच्या बंद सदनिकेच्या बाल्कनीतील चोरी-अलार्मचा भोंगा वाजू लागला. कुलूप शाबूत होते, खिडक्यांच्या ग्रिलही जागच्या जागी होत्या. मात्र सदनिकेची किल्ली कोणाकडेच नव्हती आणि सभासदांचा फोन लागत नव्हता. पहाटे भोंगा आपोआप बंद पडला. आता असे अलार्म लावण्यावरच बंदी घालावी, असा विषय काही जण सर्वसाधारण सभेपुढे आणत आहेत. अमेरिकेतील अनेक शहरांत अलार्मची नोंदणी करावी लागते आणि वारंवार खोटा अलार्म वाजल्यास दंड होतो, असे वाचले. मुंबईत महापालिकेचा किंवा पोलिसांचा तसा काही नियम आहे का? नसल्यास आम्ही कोणता ठराव करावा?

उत्तर : वकील, दादर

घरगुती चोरी-अलार्मसाठी परवाना घेण्याची पद्धत मुंबईत नाही. आवाजाचा प्रश्न मात्र ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांच्या कक्षेत येतो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा असून, रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० व ४० आहे. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाज झाल्यास तक्रार करता येते. बाल्कनीतील भोंगा जवळून शंभर डेसिबलच्या आसपास वाजतो, तेव्हा आकड्यांवर वाद घालण्यास फारशी जागा उरत नाही. तरीही एका रात्रीच्या बिघाडासाठी शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करणे मला अतिरेकी वाटते. समज देऊनही सभासदाने दुरुस्ती केली नाही आणि हेच पुन्हा पुन्हा घडू लागले, तर सार्वजनिक उपद्रवाबद्दलच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९२ चा विचार होऊ शकतो. त्यातील दंड एक हजार रुपयांपर्यंत आहे.

दुसरी गोष्ट, जी मला अधिक महत्त्वाची वाटते. खोटा अलार्म निघाला तर आपल्यालाच ताप होईल या भीतीने लोक ११२ वर फोन करायला कचरतात. लोकसेवकाला खोटी माहिती देण्याबद्दलचे त्याच संहितेचे कलम २१७ हे ती खोटी आहे हे माहीत असूनही देणाऱ्यासाठी आहे. ऐकू आलेला भोंगा प्रामाणिकपणे कळवणाऱ्याने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. समितीने कुलूप तोडून आत शिरण्याच्या फंदात मात्र पडू नये.

उत्तर : अलार्म बसवणारा, ठाणे

सचिवसाहेब, गावी जाताना त्या कुटुंबाने घरातील मेन स्विच बंद केला होता का, एवढे विचारून घ्यावे. वीज बंद झाल्यावर पॅनेल, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेला अलार्मचा मुख्य डबा, आतल्या बॅटरीवर चालते. ही बॅटरी बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची असते आणि पॅनेल व सेन्सर मिळून पाव अँपिअर वीज घेत असतील, तर नवी असतानाही ती साधारण एक दिवस पुरते. बाहेरच्या काही भोंग्यांत त्यांची स्वतंत्र बॅटरी असते. पॅनेलकडून येणारा पुरवठा तुटला म्हणजे चोराने तार कापली, असे समजून असा भोंगा स्वतःहून वाजतो आणि त्यात वेळेची मर्यादा लावलेली नसेल, तर स्वतःची बॅटरी संपेपर्यंत वाजतो. तुम्ही दिलेल्या वेळा याच्याशी जुळतात.

बाकी खोट्या अलार्मची कारणे घराघरांत तीच आढळतात. हालचाल टिपणारा सेन्सर उष्णतेतील बदल ओळखतो, त्यामुळे त्याच्याच भिंगावरून फिरणारी पाल त्याला माणसाएवढी भासू शकते. पश्चिमेचे ऊन किंवा हलणारा पडदा समोर असला तरी तेच. पावसाळ्यात लाकडी दार फुगते, दारावरच्या सेन्सरचे चुंबक आणि चौकटीवरचा त्याचा जोड यांतील अंतर वाढते, आणि दार बंद असूनही पॅनेलला ते उघडे दिसते. एका सेन्सरच्या इशाऱ्यावर केवळ मोबाइलवर सूचना आणि दोन सेन्सरनी थोड्या वेळात इशारा दिल्यासच भोंगा, अशी मांडणी बऱ्याच पॅनेलमध्ये करता येते. ग्राहक ती मागत नाहीत आणि आमच्यातले अनेक जण आपण होऊन सुचवत नाहीत.

सचिव, मुलुंड पूर्व

सभासदांशी बोलणे झाले. मेन स्विच बंदच होता, आणि बॅटरी अलार्म बसवल्यापासून बदललेली नाही. तरीही बंदीची मागणी करणारे ऐकायला तयार नाहीत.

उत्तर : ज्येष्ठ सभासद, दहिसर

मी एकटी राहते आणि माझ्या दाराला अलार्म आहे. बंदीच्या ठरावाला माझा ठाम विरोध राहील. भोंगा वाजण्याची मर्यादा पाच मिनिटे, अलार्मसाठी मेन स्विचपासून वेगळा व कायम चालू राहणारा एमसीबी (छोटा सुरक्षा-स्विच), आणि गावी जाताना दोन संपर्क क्रमांक समितीकडे देणे, एवढे बंधन घातले तर कोणाचीही हरकत राहू नये. ठराव लिहिताना ‘अलार्म’ असा मोघम शब्द मात्र टाळावा. इमारतीची आग-सूचना यंत्रणा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार चालू स्थितीत ठेवणे बंधनकारक आहे; आवाजाला कंटाळून रखवालदाराने तीच बंद केली, तर प्रकरण भलतीकडेच जाईल.

सचिव, मुलुंड पूर्व

मसुदा याच धर्तीवर करतो. किल्ली रखवालदाराकडे ठेवावी का, एवढाच प्रश्न उरतो.

उत्तर : अलार्म बसवणारा, ठाणे

ठेवू नये, एजन्सीची माणसे बदलत राहतात. किल्ली जवळपास राहणाऱ्या नातेवाइकाकडे द्यावी आणि पॅनेलमध्ये त्यांच्यासाठी अलार्म बंद करण्याचा वेगळा कोड तयार करावा. कुटुंब परतल्यावर तो रद्द करता येतो, त्यामुळे मूळ कोड कोणालाही सांगावा लागत नाही.