मदत हवी आहे: महिला क्रिकेट आणि समानता, टी.वाय.च्या इतिहास प्रकल्पासाठी

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी,

मी कराडला टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय इतिहास. प्रकल्पासाठी ‘स्त्रिया आणि खेळातली समानता’ घेतलं, तर सर म्हणाले, यावर निबंध होईल, इतिहास होणार नाही; एखादं टोक पकड आणि तेच ओढत राहा.

टोक गावातच निघालं. प्रेमलाकाकी चव्हाण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहेत त्या खासदार म्हणून. पण त्या भारतीय महिला क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षही होत्या, हे आमच्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. मग शोधत गेले. संघटना १९७३ साली लखनौला नोंदवली गेली, महेंद्रकुमार शर्मा सचिव आणि बेगम हमीदा हबीबुल्ला पहिल्या अध्यक्ष. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. संघ फक्त तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७५ला ऑस्ट्रेलियाचा पंचविशीच्या आतल्या मुलींचा संघ आला, तेव्हा पुणे, दिल्ली आणि कलकत्ता इथे सामने झाले. १९७६च्या ऑक्टोबरात वेस्ट इंडीजविरुद्ध बंगळूरला पहिली अधिकृत कसोटी, कर्णधार शांता रंगस्वामी. त्याच मालिकेत पाटण्याला पहिला विजय. १९७८चा विश्वचषक तर भारतातच झाला!

आणि बायकांचा पहिला विश्वचषक १९७३चा, म्हणजे पुरुषांच्या आधी दोन वर्षं. हे वाचून मी दोनदा तारीख तपासली.

आता अडचणी.

नेटवर जे सापडतं ते बहुतेक २०१७च्या लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यानंतरचं. १९७३ ते २००६ या काळातलं मराठी साहित्य कुठे शोधू? पुण्याला एखादा दिवस जाऊन येता येईल, मुंबई जरा अवघड आहे.

दुसरं म्हणजे, जो लेख उघडावा त्यात एकच गोष्ट: आधी हाल, मग २००६ला बीसीसीआयने महिला क्रिकेट ताब्यात घेतलं, मग २०२२ला समान मानधन, मग २०२५चा विश्वचषक. इतकं सरळ असेल का? समानता नेमकी कशावरून मोजायची?

तिसरं, जुन्या खेळाडूंना भेटायचं तर काय विचारायचं?

---

धावफलक:

विषय झकास आहे. समानता मोजायची तर पैशाआधी सामने मोज. मानधन बातमीत येतं, न झालेला सामना बातमीत येत नाही.

ऑक्टोबर २०२२मध्ये जाहीर झालं की पुरुषांइतकंच मानधन बायकांना मिळणार: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. छान. आता बायकांच्या कसोट्यांची यादी काढ. १९७७च्या जानेवारीत पर्थला खेळल्या, त्यानंतरची कसोटी थेट १९८४ला. ऑगस्ट २००६मध्ये टाँटनला इंग्लंडला हरवलं, पुढची कसोटी ऑगस्ट २०१४, इंग्लंडमध्येच वर्म्स्लीला. मध्ये आठ वर्षं, आणि ही जवळजवळ सगळी बीसीसीआयच्या छत्राखालची! वर्म्स्लीच्या अकराजणींपैकी आठजणींचं कसोटी पदार्पण होतं, तरी जिंकल्या. २०१४ला म्हैसूरला आणखी एक, आणि मग २०२१पर्यंत पुन्हा काही नाही. २०२२च्या घोषणेनंतरही २०२५ संपेपर्यंत बायकांच्या वाट्याला तीनच कसोट्या आल्या: डिसेंबर २०२३ला नवी मुंबई आणि वानखेडे, जून २०२४ला चेन्नई. तिन्ही जिंकल्या. पुरुष एका मोसमात याहून जास्त खेळतात.

म्हणजे दर सारखा, हजेरी नाही. मोलमजुरी करणाऱ्या कुठल्याही बाईला विचार, रोज सारखा करून महिन्यात दोनच दिवस काम दिलं तर हातात काय पडतं.

शिवाय वार्षिक करार वेगळेच. २०२४-२५मध्ये पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटींची, बायकांची ५० लाखांची. मॅच फी आणि करार यांत गल्लत करू नकोस, अर्धे पत्रकार करतात.

तू म्हणतेस ती ‘सरळ गोष्ट’ पार खोटीही नाही, हे मात्र लिही. २००५च्या विश्वचषकात भारत अंतिम फेरीत पोचला, तेव्हा सामन्याला १००० रुपये मिळाल्याचं मिताली राजने सांगितलंय. वीस वर्षांत बायकांच्या विश्वचषक विजेत्यांचं बक्षीस ४४.८ लाख डॉलरवर गेलं, २०२३च्या पुरुषांच्या विश्वचषकापेक्षाही जास्त. घर बांधलं गेलंय, पण खोल्या सारख्या नाहीत.

---

शनिवारपेठी:

पुण्याला येणार असाल तर केसरीवाड्यातलं केसरी-मराठा ग्रंथालय बघा. जुने अंक बघायचे तर आधी फोन करून, कॉलेजचं पत्र घेऊन या. पत्राशिवाय आमच्या गावात कुणी कपाट उघडत नाही. तारखा हातात ठेवून या: एप्रिल १९७३, फेब्रुवारी १९७५, ऑक्टोबर-नोव्हेंबर १९७६, जानेवारी १९७८. फाइल मागून ‘बघू काय सापडतं’ म्हणत बसलात तर संध्याकाळी धूळ तेवढी घेऊन परत जाल.

फक्त क्रीडा पान बघू नका. त्या काळात बायकांच्या सामन्याची बातमी कधी शहर वार्तांत, कधी महिलांच्या सदरात. ती कुठे छापली हीसुद्धा नोंद करा, तुमच्या विषयाचा तो पुरावाच आहे. सामन्याचा निकाल आणि खेळाडूंचा पोशाख यांना किती किती ओळी मिळाल्या, तेही मोजा.

आणखी एक. नावं. ‘कु.’ म्हणून खेळलेली मुलगी दोन वर्षांनी ‘सौ.’ होऊन वेगळ्याच आडनावाने धावफलकात येते. तुम्ही दोन खेळाडू मोजाल आणि बाई एकच असेल. पहिल्या नावावर आणि गोलंदाजी-फलंदाजीवर लक्ष ठेवा.

प्रेमलाकाकींसाठी पुण्याची गरज नाही. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात लोकसभेच्या जुन्या चर्चा घरबसल्या वाचता येतात. काकींची भाषणं काढा, खेळाचा उल्लेख आहे की नाही बघा. नसेल तर तेही लिहा.

---

तिसरा_पंच:

कुणीतरी उलट बाजू मांडायला हवी. पैसा प्रेक्षक आणतात. पुरुषांच्या सामन्याला टीव्हीचे हक्क कोटींनी विकले जातात, मग पगार तसाच असणार. यात अन्याय कुठे आला?

---

धावफलक:

@तिसरा_पंच, मुद्दा प्रकल्पात घ्यावा असाच आहे. पण सामने दाखवलेच नाहीत तर प्रेक्षक कुठून येणार? महिला प्रीमियर लीगचे पाच संघ २०२३ला ४६६९.९९ कोटींना विकले गेले. मागणी त्या वर्षी आभाळातून पडली का? २ नोव्हेंबर २०२५ला, बायकांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर बसायला जागा नव्हती. आधी दुकान उघडा, मग गिऱ्हाईक येत नाही म्हणा.

---

तिसरा_पंच:

बरं. पण वाद दोन्ही बाजूंनी लिही गं, नाहीतर तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक धरतील.

---

पॅड_बांधून_तयार:

मी ऐंशीच्या दशकात विद्यापीठाकडून यष्टिरक्षण केलंय, म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते.

‘तुमच्यावर अन्याय झाला का?’ असं विचारू नकोस. आमच्या पिढीतली बाई ‘छे गं, मजा यायची’ म्हणेल आणि मुलाखत संपेल. वस्तू विचार. किट कुणाचं होतं? यष्टिरक्षणाचे ग्लोव्हज किती जणींत एक? कपडे कुठे बदलायच्या? मैदान कुठल्या वारी मिळायचं, आणि मुलांचा सामना आला की काय व्हायचं? रेल्वेचं तिकीट आरक्षित होतं का? पाळीच्या दिवसांत पांढऱ्या कपड्यांचं काय करायच्या? हा शेवटचा प्रश्न तू मुलगी आहेस म्हणून विचारू शकशील, लाजू नकोस. आम्ही दोघीतिघी भेटलो की अजून पहिलं हेच निघतं.

लग्नानंतर कोण खेळत राहिलं आणि कोण थांबलं, हे तर विचारच. माझं उत्तर तिसऱ्या चेंडूवर त्रिफळा असं आहे.

नोकरीचं विसरू नकोस. आमच्या वेळी आईवडील मुलीला खेळू देत ते एका आशेवर: रेल्वेत लागेल. डायना एडलजी पश्चिम रेल्वेत होत्या, मिताली राज दक्षिण मध्य रेल्वेत. राष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षं रेल्वेच जिंकायची, कारण चांगल्या मुली तिथेच जमायच्या. क्रिकेटच्या संघटनेने पगार दिला नाही, तो रेल्वेने दिला. लेख लिहिणारे इथे एका ओळीत पुढे जातात, मला तर वाटतं तुझं एक प्रकरण इथेच आहे.

एडलजींच्या मुलाखती ऐक. १९८२च्या न्यूझीलंडच्या विश्वचषकाला जाताना खेळाडूंकडे प्रत्येकी १०,००० रुपये मागितल्याचं त्यांनी सांगितलंय. आणि १९८६ला लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये त्यांना आत सोडलं नव्हतं. भारताची कर्णधार! लॉर्ड्स ज्यांचं, त्या एमसीसी क्लबने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते १९९८ला.

---

कृष्णाकाठची:

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

काल सरांशी बोलले. मानधनाचा तक्ता परिशिष्टात टाकणार आणि मुख्य मांडणी दोन गोष्टींभोवती: सामने किती झाले, आणि त्या बायकांचं घर कुणाच्या पगारावर चाललं. काळ १९७३ ते २००६ एवढाच. काकींच्या भाषणांपासून सुरुवात करते. पॅडताई, तुम्ही मुलाखत द्याल का? फोनवर चालेल.

---

पॅड_बांधून_तयार:

देईन की. व्यक्तिगत निरोप कर. फक्त रेकॉर्ड करणार असशील तर आधी तसं सांग, आणि लिहून झालं की मला एकदा वाचायला दे. इतर जणींकडून मात्र कागदावर संमती घे, नाव छापायचं की नाही तेही त्यातच विचार. रविवारी दुपारी तीननंतर फोन कर, सकाळी मी नातीला नेट्सला घेऊन जाते.

---

शनिवारपेठी:

आणि येताना पेन्सिल आणा. जुन्या फाइलींजवळ शाईचं पेन बाहेर काढलंत तर ग्रंथपाल ओरडतील.