अनुभव धागा: देवाने क्षमा केली, मग मन का सुटत नाही?

आयोजक: ईस्टरआधीच्या उपवासकाळात हा प्रश्न हमखास निघतो. चर्चमध्ये पापांची कबुली झाली, फादरांनी पापक्षमा दिली, तरी रात्री डोक्यात तेच. अशा माणसांना ज्यांनी सोबत केली आहे त्यांनी लिहावं. आपबिती नको, काय करायचं आणि कुठे अडतं, तेवढंच.

माहीम, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारी: अर्धी अडचण कबुलीच्या आधीच तयार होते. ‘मी फार वाईट आहे’ ही कबुली नव्हे. मग क्षमा नेमकी कशाची झाली तेच मनाला कळत नाही. आदल्या रात्री दहा आज्ञा समोर ठेवून १५-२० मिनिटं विवेक तपासा. फादरांसमोर आधी मागची कबुली कधी झाली ते सांगा. मग गंभीर पाप कोणतं आणि साधारण किती वेळा. दुसऱ्यांची नावं नकोत, पाल्हाळ नको. ‘खोलीच्या भाड्यातला भावाचा वाटा तीन वर्षं दाबला’ एवढं पुरे. पश्चात्तापाची प्रार्थना आठवली नाही तर तसं सांगा, ते म्हणवून घेतात.

एखादं पाप खरोखर विसरलं तर तेही क्षमेत आलं. गंभीर असेल तर पुढच्या वेळी सांगा, धावत परत रांगेत लागू नका. मुद्दाम लपवलं तर मात्र कबुलीच फुकट. आणि हलकं वाटणं ही क्षमेची अट नाही, बहुतेक जण फसतात ते इथेच. बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चला नोव्हेनाची (ठरलेल्या सामूहिक प्रार्थनेची) गर्दी असते. निवांत बोलायचं तर दुसऱ्या दिवसाची वेळ मागून घ्या.

भायखळा, मराठी प्रॉटेस्टंट मंडळीचे पाळक: आमच्याकडे प्रभुभोजनाआधी सगळी मंडळी एकत्र कबुली म्हणते. तोटा असा, की छापील शब्दांत आपलं पाप लपून राहतं. १ योहान १:९ मध्ये पापं ‘पदरी घेणं’ आहे, नुसती म्हणणं नाही. म्हणून याकोब ५:१६ प्रमाणे एखाद्या तोंड बंद ठेवणाऱ्या प्रौढ विश्वासू माणसापाशी नेमकं बोला.

मग भरपाई. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने चौपट परत देऊ केलं (लूक १९:८), आपण मुद्दल तरी द्यावं! माफी मागताना ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हे शब्द गाळा. काय केलं ते सांगा, पैसे असतील तर रक्कम आणि तारीख सांगा, झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा. समोरचा माफ करील न करील, तो त्याचा प्रश्न. तिसऱ्याचा संसार मोडेल अशी कबुली द्यायची असेल तर आधी पाळकांशी बोला.

अंधेरी, समुपदेशक: तेच पाप पुन्हा पुन्हा कबूल करणाऱ्यांसाठी वेगळं लिहिते. जेझुइट संघ स्थापणारे संत इग्नेशियस लोयोला यांना १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे याच शंकांनी जीव द्यावासा वाटेपर्यंत छळलं होतं. शेवटी त्यांनी जुनी पापं पुन्हा सांगायचीच नाहीत असं ठरवलं. असा त्रास असेल तर एकच फादर धरा आणि त्यांनी ‘झालं, पुरे’ म्हटल्यावर दुसऱ्यांकडे खात्री करायला जाऊ नका. खात्री करून घेतली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि म्हणूनच शंका अधिक जोराने परतते. रोजचे तास त्यात जात असतील तर तो ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार, असू शकतो. मुंबईतल्या केईएमसारख्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. औषधं असतात, आणि शंका आली तरी कबुलीला न धावण्याचा टप्प्याटप्प्याने सरावही करून घेतात. फादर आणि डॉक्टर या दोघांनाही एकमेकांचा सल्ला माहीत असू द्या. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र थांबू नका, घरच्या कुणाला तरी घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

गिरगाव: ‘स्वतःला क्षमा कर’ अशी आज्ञा बायबलमध्ये मला तरी दिसत नाही. १ करिंथ ४:३-४ मध्ये पौल म्हणतो की तो स्वतःचाही न्याय करत नाही, न्याय करणारा प्रभू आहे. निकाल लागल्यावर आपण वरचं कोर्ट भरवायचं नाही, एवढंच आपलं काम. जबाबदारी त्याने सुटत नाही. पोलिसांत जायचं प्रकरण असेल तर जावंच लागतं.

कुर्ला: ज्याचं नुकसान केलं तो वारला असेल तर पैसे वारसांना द्या. वारस सापडत नसतील तर गरिबांना, पण आधी कबुलीतच फादरांना विचारून. आईवडिलांची आबाळ झाली असेल तर ते पैशाने फिटत नाही. आईवडील वारले असतील तर कॅथलिक त्यांच्या नावे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करतात. त्यासाठी पॅरिश ऑफिसात, म्हणजे आपल्या चर्चच्या कचेरीत, आधीच नाव नोंदवावं लागतं, नोव्हेंबरात तर बरंच आधी. तिथे फक्त मृताचं नाव लिहून घेतात, कारण विचारत नाहीत.